बेगमी : घरगुती साठवणीची परिभाषा व तिच्यातील शास्त्र

पुढे येणाऱ्या अडचणीच्या काळासाठी घरात धान्य व वाळवलेले पदार्थ साठवून ठेवणे ह्या क्रियेस मराठीत 'बेगमी करणे' असे म्हणतात. 'बेगमी' हा शब्द फारसीतून आलेला आहे. 'बे' म्हणजे वाचून आणि 'गम' म्हणजे दुःख अथवा चिंता. तेव्हा 'बेगमी' म्हणजे मुळात निश्चिंतता. मराठीत आल्यावर हा शब्द मनाच्या अवस्थेवरून ती अवस्था उत्पन्न करणाऱ्या वस्तूंवर सरकला, आणि धान्याची, सरपणाची, वैरणीची बेगमी होऊ लागली. कोकणात ह्याच अर्थक्षेत्रात 'अगोट' हा शब्द आढळतो. तो पावसाच्या तोंडाशी येणाऱ्या काळाचा व त्या काळासाठी करावयाच्या तयारीचा वाचक आहे. गोव्यात कोंकणी बोलणारे लोक पावसाळ्यापूर्वीच्या साठवणीस 'पुरुमेंत' म्हणतात; तरतूद ह्या अर्थाच्या 'प्रोव्हिमेंतु' ह्या पोर्तुगीज शब्दाचे ते रूप होय. एकच व्यवहार, परंतु एका शब्दाने त्याचे फळ सांगितले, दुसऱ्याने त्याची वेळ सांगितली व तिसऱ्याने त्याची कृती सांगितली.

ह्या व्यवहाराची गरज संपली असा समज मध्यंतरी रूढ झाला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर व सांगली भागांत आलेल्या महापुराने आणि मार्च २०२० मध्ये सुरू झालेल्या देशव्यापी टाळेबंदीने तो समज किती अपुरा आहे हे दाखवून दिले. परंतु साठवण पुन्हा सुरू करू पाहणाऱ्या कुटुंबास आज एक अडचण जाणवते. वस्तू मिळतात, डबे मिळतात. मात्र त्या वस्तूंविषयी नेमके बोलता येईल अशी भाषा हातून निसटत चालली आहे. धान्य, डाळ, पापड, शेंगदाणा ह्यांना काहीही झाले तरी ते 'खराब झाले' एवढेच आता म्हटले जाते. जुन्या घरगुती बोलीत ह्या एका 'खराब होणे'च्या जागी किमान चार भिन्न प्रयोग होते, आणि प्रत्येक प्रयोग बिघाडाच्या भिन्न कारणाकडे व भिन्न उपायाकडे बोट दाखवीत असे. हे भेद नुसते शब्दवैभव नसून ते उपयुक्त ज्ञानाचे वर्गीकरण आहे, आणि त्यांचा लोप क्वचित् प्रसंगी जिवावर बेतणारा ठरू शकतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. कोरडेपणाची मोजणी

सर्व साठवणीचे मूळ पाणी काढून टाकण्यात आहे. शास्त्रीय परिभाषेत बोलावयाचे तर गहू, ज्वारी, तांदूळ ह्यांसारख्या धान्यांत पाण्याचा अंश सुमारे १२ टक्के वा त्याहून कमी असावा लागतो. शेंगदाण्यास मात्र हे प्रमाण पुरेसे नाही. तेथे ते ७ ते ८ टक्क्यांवर आणावे लागते. कारण असे की, दाण्यातील तेल पाणी धरून ठेवीत नाही. दाण्याचा जवळजवळ निम्मा भाग तेलाचा असल्यामुळे सर्व पाणी उरलेल्या निम्म्या भागात राहते, आणि एकूण प्रमाण अल्प दिसले तरी त्या भागापुरते ते बुरशीस पोसण्याइतके असू शकते.

घरात आर्द्रता मोजण्याचे यंत्र नसते. त्याचे काम कान व दात करीत आले आहेत, आणि भाषेने त्याची नोंद ठेवली आहे. कोरडेपणाच्या शेवटच्या पायऱ्या दाखविणारी मराठी विशेषणे पाहिली असता ती बहुतांशी ध्वनीवरून बनलेली दिसतात : खडखडीत, कडकडीत, कुरकुरीत, चुरचुरीत. उलट ओलाव्याच्या पायऱ्या दाखविणारी ओलसर, दमट, सर्द ही विशेषणे स्पर्शाची आहेत. ओले हाताला कळते. पुरेसे वाळलेले कानाला कळते. भुईमुगाची शेंग कानाशी धरून हलविली असता आतला दाणा वाजला पाहिजे. वाळलेल्या मिरचीत बी वाजले पाहिजे. गव्हाचा दाणा दातांखाली चेपला न जाता 'कट्' असा आवाज करून तुटला पाहिजे. पाणी कमी झाल्याने दाणा ताठर होतो व ताठर वस्तू वाजते, इतके साधे भौतिक कारण ह्या कसोटीच्या मुळाशी आहे.

ह्याच्या जोडीला आणखी एक सोपी कसोटी आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत थोडे धान्य व चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून झाकण लावावे, बाटली चांगली हलवावी व काही मिनिटे ठेवून द्यावी. मीठ काचेस चिकटले तर धान्यात १५ टक्क्यांहून अधिक पाणी आहे असे समजावे. हवेतील सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली म्हणजे मीठ पाणी ओढून घेऊ लागते, हा गुणधर्म येथे कामी येतो. ह्या कसोटीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ती ओले धान्य नाकारू शकते. धान्य दीर्घकाळ टिकण्याइतके कोरडे आहे अशी ग्वाही ती देऊ शकत नाही. त्यासाठी पुन्हा दाताकडेच जावे लागते.

२. बिघाडाचे चार प्रयोग

सादळणे : वाळलेल्या वस्तूने हवेतील दमटपणा शोषून घेऊन नरम पडणे म्हणजे सादळणे. कोणतीही वाळलेली वस्तू सभोवतालच्या हवेशी समतोल साधते. सापेक्ष आर्द्रता ७० टक्के असता धान्य सुमारे १३ ते १४ टक्के पाण्यावर स्थिरावते. ती ९० टक्क्यांवर गेली म्हणजे हेच प्रमाण १८ टक्क्यांच्या पुढे जाते. म्हणूनच वैशाखात कडकडीत वाळविलेली वस्तू उघड्या डब्यात राहिली तर आषाढ-श्रावणात वैशाखातील सर्व कष्ट वाया जातात. पापड अन्य वस्तूंच्या आधी सादळतो, कारण त्यात मीठ व पापडखार असतो. सादळणे हा मात्र परतीचा बिघाड आहे. वस्तू नुकतीच सादळली असेल, वास व रंग बदललेला नसेल, तर तिला ऊन दाखविणे किंवा ती मंद आचेवर भाजणे हा योग्य उपाय होय.

बुरसटणे : सादळलेली वस्तू तशीच पडून राहिली म्हणजे ती बुरसटते. येथे केवळ पाणी आलेले नसते. त्या पाण्यावर बुरशी वाढलेली असते. दाण्यांभोवतीच्या हवेची आर्द्रता सुमारे ६५ टक्क्यांच्या खाली राहिली तर बहुतेक बुरशींची वाढ थांबते. बुरशी आल्यावर ऊन देण्याने ती वाळते, पुसली जाते, वास उणावतो; परंतु तिने दाण्यात सोडलेले विष जात नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये टर्की जातीचे पक्षी मोठ्या संख्येने मेले, त्याचा शोध घेताना त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत एका बुरशीचे विष आढळले. त्यास पुढे 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव मिळाले. हे विष स्वयंपाकाच्या नेहमीच्या उष्णतेने नष्ट होत नाही. १९७४ च्या अखेरीस गुजरातेतील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा ह्या शेजारच्या भागांत अवकाळी पावसात भिजलेला व तसाच साठविलेला मका खाल्ल्याने यकृतविकाराची साथ उद्भवली आणि तीत शंभराहून अधिक माणसे दगावली. 'सादळणे' व 'बुरसटणे' ह्यांतील भेद किती मोलाचा आहे हे ह्या घटनेवरून कळून येईल. सादळलेले वाळवावे; बुरसटलेले टाकावे. दोहोंस 'खराब झाले' म्हणणाऱ्याच्या हातून दोहोंनाही ऊन दिले जाण्याचा संभव असतो.

ह्या संदर्भात 'निवडणे' ह्या क्रियेचेही महत्त्व ध्यानी येते. शेंगदाण्याच्या राशीत हे विष सर्वत्र सारखे पसरलेले नसते. सुरकुतलेल्या, रंग बदललेल्या, फुटलेल्या थोड्या दाण्यांत ते एकवटलेले असते. साठवणीपूर्वी असे दाणे सुपात वेचून काढणे ही केवळ टापटीप नसून विषाचा अंश घटविणारी क्रिया आहे. बुरशी उघड दिसत असेल तेव्हा मात्र निवडून भागत नाही.

किडणे : किडणे म्हणजे कीटकांनी खाणे. तांदळातील सोंड्याची मादी दाण्यास सूक्ष्म छिद्र पाडून त्यात अंडे घालते व छिद्र बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते आणि उन्हाळी हवेत सुमारे महिन्याभराने पूर्ण वाढलेला सोंडा बाहेर पडतो. म्हणून पाखडून स्वच्छ दिसणारे धान्य कीडमुक्त असतेच असे नाही, आणि भरलेला डबा एका महिन्याने उघडून पाहण्याची सवय युक्तच म्हटली पाहिजे. कडधान्यावरील भुंगा तर पुष्कळदा शेतातल्या शेंगेवरच अंडी घालून घरात आलेला असतो. हा भुंगा अखंड दाण्यावर पोसतो. डाळ केल्यावर त्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. तुरीच्या डाळीस एरंडेल चोळण्याच्या रिवाजासही आधार आहे, कारण तेलाच्या पातळ लेपाने भुंग्याची अंडी मरतात. राखेचे कार्य वेगळे आहे. तिच्या बारीक कणांनी कीटकाच्या अंगावरील मेणचट आवरण खरवडले जाते व तो शरीरातील पाणी गमावून मरतो.

धान्यात पाणी ९ टक्क्यांच्या खाली असेल तर सोंड्यास प्रजा वाढविता येत नाही. हा नियम सर्व किडींस लागू नाही. 'खपरा' नावाचा भुंगेरा अतिशय कोरड्या धान्यातही वाढतो, व त्याची अळी अन्नावाचून फटीत दीर्घकाळ दडून राहू शकते. हिंदीतील हे नाव इंग्रजीने उचलले असून जगभर ह्या किडीस त्याच नावाने ओळखतात. ह्या किडीवर केवळ वाळवणाची मात्रा चालत नाही. तेथे उष्णता, गारठा वा हवाबंदी ह्यांचा आश्रय घ्यावा लागतो. काळ्या कापडावर पातळ पसरलेल्या धान्याचे तापमान दुपारच्या उन्हात ५० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊन काही तास टिकले म्हणजे पुष्कळशी कीड मरते. थोडेसे धान्य असल्यास शीतकपाटाच्या गोठणकप्प्यात उणे १८ अंशांवर आठवडाभर ठेवल्यानेही तेच साधते. बाजारात मिळणाऱ्या विषारी वायूच्या गोळ्या राहत्या घरात कदापि वापरू नयेत. त्यांतून निघणारा वायू किडीइतकाच माणसासही मारक आहे.

खवट होणे : हा चौथा बिघाड स्निग्ध पदार्थांचा. तेलाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन त्यास उग्र वास व चव येते. सुके खोबरे, शेंगदाणे, तीळ, बांगड्यासारखे चरबी असलेले सुके मासे ही ह्याची ठळक उदाहरणे होत. बाजरीचे पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, तेही ह्याच वर्गात मोडते. बाजरीत सुमारे ५ टक्के स्निग्धांश असतो. दाणा अखंड असेपर्यंत तो सुरक्षित राहतो, परंतु दळताच दाण्यातील विकरे त्यावर काम करू लागतात. उष्णता व प्रकाश ह्यांनी खवटपणा वाढतो. म्हणजे जे ऊन सादळलेल्यास औषध, तेच येथे अपथ्य ठरते. खवटपणा आल्यावर उपाय नाही. तो टाळण्याचा मार्ग म्हणजे वस्तू अखंड ठेवणे, थंड व अंधाऱ्या जागी ठेवणे आणि तिच्याभोवती हवा कमी ठेवणे.

ह्या प्रयोगांच्या लक्षणेकडेही भाषाभ्यासकाचे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. 'बुरसटलेले विचार', 'किडलेले मन', 'खवट स्वभाव' हे प्रयोग रूढ आहेत. 'सादळणे' मात्र माणसाच्या स्वभावास सहसा लावले जात नाही. जे तीन बिघाड माघारी फिरत नाहीत तेच निंदेचे शब्द बनले, आणि जो उन्हाने सुधारतो तो त्या पंक्तीत बसला नाही. तसेच चारही प्रयोग अकर्मक आहेत. धान्य आपोआप किडते, पापड आपोआप सादळतो. त्याउलट वाळवणे, पाखडणे, निवडणे, चोळणे, लिंपणे ही रक्षणाची क्रियापदे सकर्मक असून त्यांना कर्ता लागतो. तो कर्ता बहुधा घरातील स्त्री होती, आणि हे सर्व वर्गीकरण तिच्याच बोलीत घडले.

३. पात्रे व हवा

साठवणीची जुनी पात्रे हवेच्या दृष्टीने दोन वर्गांत पडतात. कणगी ही बांबूच्या विणीची, शेणामातीने लिंपलेली. मुडा हा भाताच्या पेंढ्यात बांधलेला. ह्यांतून हवा थोडीफार खेळते. धान्यात किंचित ओल राहिली असेल तर ती निघून जाण्यास वाव मिळतो. पण बाहेरची ओल व कीड ह्यांनाही वाट मिळते. दुसऱ्या वर्गात पेव येते. जमिनीत खोदलेल्या ह्या खड्ड्याचे तोंड बंद केले म्हणजे आतील धान्य व कीटक श्वसनाने प्राणवायू संपवितात, कर्बद्विप्राणिल वायू साचतो आणि कीड गुदमरून मरते. उघडलेल्या पेवात तत्काळ उतरणारा मनुष्य प्राणास मुकतो तोही ह्याच कारणाने. सांगलीजवळील हरिपूर हे गाव हळदीच्या पेवांसाठी प्रसिद्ध होते. २००५ च्या महापुरात तेथील पेवांची मोठी हानी झाली. पेव ही वस्तू दृष्टिआड होत चालली असली तरी 'पेव फुटणे' हा वाक्प्रचार मात्र भाषेत टिकून आहे.

घट्ट झाकणाचा पत्र्याचा वा जाड प्लास्टिकचा डबा म्हणजे घरातील लहानसे पेवच होय. त्याचे नियम पेवावरून सहज काढता येतात. डबा काठोकाठ भरावा, म्हणजे आत प्राणवायू कमी राहतो. एक मोठा डबा भरण्यापेक्षा अनेक लहान डबे भरावेत, कारण प्रत्येक उघडण्याबरोबर नवी हवा आत शिरते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हवाबंद पात्रात केवळ पूर्ण वाळलेली वस्तूच ठेवावी. अर्धवट वाळलेले धान्य कणगीत कदाचित निभावेल. बंद डब्यात त्याची ओल कोंडली जाऊन ते निश्चित बिघडेल. उन्हातून आणलेले धान्य पूर्ण निवल्यावर भरावे, नाहीतर आतील वाफ झाकणाखाली थिजून पुन्हा दाण्यांवर उतरते. डबे भिंतीस चिकटून वा थेट जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावेत.

४. शिधा, शिदोरी व मुदत

आपत्काळाचा विचार करता आणखी एका शब्दयुग्माकडे लक्ष देणे आवश्यक आहे. 'शिधा' म्हणजे न शिजविलेले अन्न. त्यास पाणी, सरपण व वेळ लागतो. 'शिदोरी' म्हणजे सोडताच खाता येणारे अन्न. पूर आला असता घरात पाणीच पाणी असते, परंतु पिण्याचे पाणी व चूल दोन्ही दुर्लभ होतात. अशा वेळी शंभर शेर ज्वारीपेक्षा शेरभर पोहे अधिक मोलाचे ठरतात. म्हणून बेगमीत तांदूळ, गहू, ज्वारी, डाळी ह्यांच्या जोडीस पोहे, लाह्या, चुरमुरे, सातूचे पीठ, मेतकूट, गूळ असे शिदोरीच्या जातीचे पदार्थ असलेच पाहिजेत. मात्र जो पदार्थ खाण्यास जितका तयार तितका तो टिकण्यास नाजूक. भाजल्याने, कांडल्याने वा दळल्याने दाण्याचे आवरण जाते. तो लवकर सादळतो व लवकर खवट होतो. शिधा वर्षांच्या हिशेबाने व शिदोरी महिन्यांच्या हिशेबाने ठेवावी लागते.

टिकणे म्हणजे खाण्यास उपयोगी राहणे, एवढाच अर्थ घेऊनही भागत नाही. ज्वारीचे पीठ जुने झाले म्हणजे त्याची 'विरी जाते'. ते विषारी होत नाही, किडतही नाही, परंतु भाकरी थापता येत नाही. कडधान्य उष्ण व दमट हवेत फार काळ राहिले तर तासन् तास शिजवूनही मऊ होत नाही. न शिजणाऱ्या दाण्यास मराठीत 'गणंग' असे नाव आहे. सरपण तुटपुंजे असताना असे धान्य असून नसल्यासारखेच होते. उलट जुना तांदूळ मोकळा शिजतो म्हणून त्यास मोल अधिक. अनेक वर्षांसाठी साठवण करावयाची असेल तर अखंड, कमी स्निग्धांशाचे व पूर्ण वाळलेले धान्य हवाबंद करून घरातील सर्वांत थंड जागी ठेवावे. सडलेला पांढरा तांदूळ ह्या बाबतीत हातसडीच्या तांदळाहून सरस ठरतो, कारण कोंड्यातील तेल त्यात उरलेले नसते. पोषणाच्या दृष्टीने मात्र तो उणा असतो.

येथे परंपरेची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. जुनी बेगमी बहुधा एका वर्षाची असे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत ती भरली जाई व पुढच्या पिकापर्यंत खाल्ली जाई. ठेवून विसरून जाण्याची ती वस्तू नव्हती. आपत्कालीन साठा म्हणून दहा डबे भरून कोपऱ्यात ठेवणे ही त्यामानाने नवी कल्पना आहे, आणि तिच्यात तपासणीचे कालचक्र आपोआप येत नाही. ते हेतुतः आणावे लागते. डब्यावर वस्तूचे नाव व भरल्याची तिथी लिहिणे, जुने आधी वापरून नवे मागे ठेवणे, महिन्याने व पुढे प्रत्येक ऋतुपालटास उघडून पाहणे हेच ते कालचक्र होय.

५. समारोप

वेष्टनांवर व सूचनापत्रकांत 'कोरड्या व थंड जागी ठेवावे' हे वाक्य सर्वत्र छापलेले असते. ते चूक नाही. परंतु वस्तू बिघडल्यावर काय करावे ह्याविषयी ते मौन पाळते. 'सादळले तर वाळवा, बुरसटले तर टाका, किडले तर तापवा वा गोठवा, खवट होण्याआधी वापरा' हे वाक्य त्याहून फार लांब नाही. मात्र त्यात चार कारणे व चार उपाय सामावले आहेत, आणि त्यासाठी नवी परिभाषा घडविण्याची गरज नाही. आपत्तीविषयीची मराठी सूचनापत्रके लिहिणाऱ्यांनी ह्या शब्दांचा उपयोग करावा, आणि बोलींचे संकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी असे शब्द टिपताना केवळ प्रतिशब्द न देता ती वस्तू कशी दिसते, कसा वास येतो, कोणता आवाज करते व तिचे पुढे काय करतात ह्याचीही नोंद करावी. 'सादळणे : नरम पडणे' एवढ्या नोंदीने शब्द कोशात राहील, पण पावसाळ्याच्या तोंडाशी डबा उघडून वास घेणाऱ्या माणसास त्याचा उपयोग होणार नाही, आणि ज्या निश्चिंततेवरून बेगमीस तिचे नाव मिळाले ती निश्चिंतता त्याला लाभणार नाही.